ऑपरेशननंतरचा वण: त्वचेची काळजी कशी घ्यायची आणि कॅमोफ्लाज मेकअप म्हणजे नेमकं काय?

टाके निघाले, जखम भरली, डॉक्टरांनी आंघोळीची परवानगी दिली. कागदोपत्री ऑपरेशन इथे संपतं. पेशंटचे प्रश्न मात्र इथूनच सुरू होतात. हा वण जाणार का? किती दिवसांत जाणार? आणि तोवर लोकांच्या नजरांचं काय करायचं?

थायरॉईडच्या ऑपरेशनचा गळ्यावरचा आडवा वण, बायपासनंतर छातीच्या मधोमध उभी रेघ, अपघातानंतर गालावर पडलेले टाके, भाजल्यानंतर लावलेल्या त्वचेचा वेगळा रंग, सिझेरियनचा पोटावरचा वण. यातले काही कपड्याखाली झाकले जातात, काही झाकले जात नाहीत. आंबिवलीहून रोज कसारा लाइनची लोकल पकडून ठाण्याला किंवा मुंबईला कामाला जाणाऱ्या माणसाला तर गळ्यावरचा वण दिवसातून पन्नास लोकांना दाखवावाच लागतो. 'काय झालं हो?' हा प्रश्न काळजीपोटी विचारला जातो, पण रोज उत्तर देऊन माणूस थकतो.

मग शोध सुरू होतो तो मोबाइलवर. 'सात दिवसांत वण गायब' असं सांगणारे रील्स, शेजारणीने सुचवलेलं मलम, स्टेशनबाहेरच्या दुकानातलं बिनलेबलचं क्रीम. यातलं काय उपयोगाचं, काय निरुपयोगी आणि काय चक्क धोक्याचं, ते समजून घेऊ.

थोडक्यात सांगायचं तर

• वण पूर्णपणे पुसला जात नाही, पण बहुतेक वण वर्ष-दीड वर्षात फिके आणि मऊ होतात.
• जखम पूर्ण बंद झाल्याशिवाय त्यावर कोणतंही सौंदर्यप्रसाधन लावायचं नाही.
• सिलिकॉन जेल, हलकं मालिश आणि उन्हापासून बचाव या तीन गोष्टी सगळ्यात जास्त कामाच्या आहेत.
• कॅमोफ्लाज मेकअप रंग झाकतो, उंचवटा झाकत नाही.
• चिठ्ठीशिवाय घेतलेली स्टिरॉइड मलमं आणि गोरेपणाची बिनलेबलची क्रीम्स वणापेक्षा मोठं संकट आणू शकतात.

वण का राहतो?

त्वचेचा वरचा पातळ थर खरचटला तर तो जसाच्या तसा पुन्हा तयार होतो. पण काप खालच्या जाड थरापर्यंत गेला की शरीर तिथे घाईघाईने डागडुजी करतं. कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे टाकून फट बुजवली जाते. मूळ त्वचेत हे धागे जाळीसारखे विणलेले असतात, वणात ते बरेचसे एकाच दिशेने आडवे पडतात. वणावर केस उगवत नाहीत आणि घामाच्या ग्रंथीही नसतात. म्हणून वण चमकतो, ताणल्यासारखा दिसतो आणि आजूबाजूच्या त्वचेपेक्षा वेगळा लागतो.

ही डागडुजी तीन टप्प्यांत होते. पहिले काही दिवस सूज आणि लाली. मग काही आठवडे नवीन पेशी आणि कोलॅजन तयार होणं. त्यानंतर महिनोन्महिने चालणारी पुनर्रचना. वण जुना होत जातो तसा तो लालसर-जांभळ्याचा फिका होतो आणि कडकचा मऊ होतो. यात वर्ष ते दीड वर्ष सहज जातं, कधी दोन वर्षंही लागतात. त्यामुळे तिसऱ्या महिन्यात आरशात दिसणारा वण हा शेवटचा वण नसतो. अनेकदा तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच तो सगळ्यात वाईट दिसतो आणि घाबरून लोक नको ते उपाय करतात ते याच काळात.

वणाच्या ताकदीचाही हिशोब आहे. एका आठवड्यानंतर जखमेच्या जागी मूळ त्वचेच्या साधारण ३ टक्के ताकद असते, तीन आठवड्यांनी २० ते ३० टक्के आणि तीन महिन्यांनी ८० टक्क्यांच्या आसपास. पूर्ण शंभर टक्के ती कधीच होत नाही. म्हणूनच टाके निघाले म्हणजे सगळं झालं असं मानून लगेच वजन उचलणं, वण ताणणं किंवा जोराने चोळणं चुकीचं आहे.

सगळे वण सारखे नसतात

उपाय ठरवण्याआधी वणाचा प्रकार ओळखावा लागतो.

सपाट, फिका वण: ऑपरेशननंतरचे बहुतेक वण शेवटी असेच होतात. यांना वेळ आणि साधी काळजी पुरते.

काळपट पडलेला वण: भारतीय त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त असतं. जखम किंवा सूज झाली की तिथे ते आणखी तयार होतं आणि डाग पडतो. गोऱ्या कातडीवर जिथे लाली दिसते तिथे आपल्याकडे काळपटपणा दिसतो. हा डाग सहसा हळूहळू उतरतो, पण ऊन लागलं तर रेंगाळतो.

उंच, लाल, खाजरा वण: याला हायपरट्रॉफिक वण म्हणतात. तो मूळ कापाच्या हद्दीतच राहतो आणि काळानुसार थोडा बसूही शकतो.

कीलॉइड: हा मूळ कापाची हद्द ओलांडून बाजूच्या चांगल्या त्वचेवर पसरतो आणि आपोआप बसत नाही. छातीचा मधला भाग, खांदे, पाठीचा वरचा भाग आणि कानाच्या पाळ्या या त्याच्या आवडत्या जागा. सावळ्या त्वचेत तो जास्त होतो आणि घरात कोणाला असेल तर शक्यता वाढते. कान टोचल्यावर गाठ आलेल्या व्यक्तीने कोणत्याही ऑपरेशनआधी हे सर्जनला आवर्जून सांगायला हवं. कीलॉइड नुसता कापून काढला तर निम्म्या किंवा त्याहून जास्त वेळा परत येतो, कधी आधीपेक्षा मोठा. म्हणून त्यासोबत इंजेक्शन किंवा इतर उपचार जोडावे लागतात.

खोलगट वण: खालच्या चरबीला किंवा स्नायूला चिकटलेला वण आत ओढला जातो. याला क्रीमचा फारसा उपयोग होत नाही.

पहिले काही आठवडे

या काळात एकच नियम: जखमेला तिचं काम करू द्यायचं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मलमपट्टी, परवानगी मिळाल्यावर साबणाच्या सौम्य पाण्याने धुणं आणि मऊ कापडाने टिपून कोरडं करणं. खपली आपोआप पडेपर्यंत ती खरवडायची नाही. खपली उपटली की खालची नवीन त्वचाही निघते आणि वण रुंद होतो.

घर्षण हा दुर्लक्षित शत्रू आहे. सिझेरियनच्या वणावर परकराची नाडी, थायरॉईडच्या वणावर मंगळसूत्र किंवा चेन, हनुवटीखालच्या वणावर हेल्मेटचा पट्टा, छातीच्या वणावर ब्राची शिवण. रोज तीच जागा घासली गेली तर वण लाल आणि जाड राहतो. नाडी वर किंवा खाली बांधणं, चेन काही महिने काढून ठेवणं, मऊ सुती कापडाची घडी मध्ये ठेवणं, असे साधे बदल महागड्या क्रीमपेक्षा जास्त फरक पाडतात.

मधुमेह ताब्यात ठेवणं आणि तंबाखू, सिगारेट सोडणं हेसुद्धा वणाचेच उपचार आहेत. निकोटिनमुळे त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला उशीर होतो. जखम जितकी रेंगाळते तितका वण जास्त जाड होतो.

सिलिकॉन, मालिश आणि दाब

वणांवरच्या उपायांमध्ये डॉक्टर सहसा सगळ्यात आधी सुचवतात ते सिलिकॉन. २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ गटाने काढलेल्या शिफारशींतही उंच वण टाळण्यासाठी सिलिकॉनला पहिली पसंती दिली होती. यावरच्या अभ्यासांचा दर्जा फार भक्कम नाही, पण धोका कमी असल्यामुळे ते आजही वापरलं जातं. सिलिकॉन वणावर पातळ पापुद्रा धरतं, ओलावा टिकवतं आणि कोलॅजनचा अतिरेक थोपवायला मदत करतं.

ते पट्टी आणि जेल अशा दोन रूपांत मिळतं. पट्टी दिवसातून किमान १२ तास, जमल्यास जास्त, अशी दोन ते तीन महिने वापरावी लागते. ती रोज धुऊन पुन्हा लावता येते. कल्याण-डोंबिवलीसारख्या दमट हवेत मात्र पट्टीखाली घाम साचून पुरळ येऊ शकतं. अशा वेळी दिवसा जेल आणि रात्री पट्टी हा मध्यम मार्ग बरा. जेल अगदी पातळ लावायचं आणि चार-पाच मिनिटं सुकू द्यायचं. जाड थर लावून ते जास्त काम करत नाही, फक्त कपड्याला लागतं.

जखम पूर्ण बंद झाल्यावर, साधारण तीन ते चार आठवड्यांनी आणि डॉक्टरांना विचारून, मालिश सुरू करता येतं. बोटाने वणावर घट्ट पण न दुखेल असा दाब देऊन गोल, मग उभं आणि आडवं फिरवायचं. दिवसातून दोन-तीनदा, पाच-पाच मिनिटं. यामुळे वण खालच्या थराला चिकटून राहत नाही आणि खाज कमी होते. साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेली पुरते.

मोठ्या भाजलेल्या भागासाठी मापाचे दाब देणारे कपडे शिवून दिले जातात. ते दिवसातले जवळपास २३ तास, कित्येक महिने घालावे लागतात. मुंबईच्या उन्हाळ्यात ही तपश्चर्याच असते, पण सांधा आखडू नये म्हणून ती गरजेची असते.

इतकं करूनही वण उंच होत गेला तर त्वचारोगतज्ज्ञ वणाच्या आत स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, साधारण चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने. लेझर, खोल वणांसाठी फिलर, किंवा वण पुन्हा कापून नीट शिवणं हे पुढचे मार्ग. सावळ्या त्वचेवर चुकीच्या सेटिंगचं लेझर नवे डाग पाडू शकतं. त्यामुळे हे काम पार्लरमध्ये नाही तर प्रशिक्षित डॉक्टरकडेच करायचं.

ऊन: खर्च कमी, फायदा मोठा

नवीन वणाला ऊन लागलं की तो काळा पडतो आणि तसाच बसतो. पहिलं वर्षभर वण झाकणं किंवा त्यावर सनस्क्रीन लावणं महत्त्वाचं. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त आणि अतिनील किरणांच्या दोन्ही प्रकारांपासून संरक्षण देणारं सनस्क्रीन निवडायचं. बाहेर असताना दर दोन-तीन तासांनी ते पुन्हा लावायचं. ढगाळ जुलैमध्येही सुट्टी नाही, कारण ढगांतून बरीच किरणं खाली येतात.

सावळ्या त्वचेसाठी आणखी एक बाब आहे. नुसत्या दिसणाऱ्या प्रकाशानेही आपल्या त्वचेत डाग गडद होतात आणि साधं पांढरं सनस्क्रीन तो प्रकाश अडवत नाही. आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन तो बऱ्यापैकी अडवतं. हेच आयर्न ऑक्साइड कॅमोफ्लाज मेकअपमध्येही असतं. ओढणी, रुमाल, पूर्ण बाह्या आणि छत्री यांचा तर खर्चच नाही.

घरगुती उपाय आणि बाजारातली क्रीम्स

लिंबाचा रस: नवीन वणावर लिंबू लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन आणखी काळी पडते.

टूथपेस्ट आणि खाण्याचा सोडा: दोन्हीमुळे नाजूक त्वचेची जळजळ होते. उपयोग शून्य.

हळद: उघड्या जखमेवर स्वयंपाकघरातली हळद भरली तर जंतुसंसर्गाचा धोका असतो, शिवाय जखमेचा रंग झाकला जाऊन डॉक्टरांना तपासणं कठीण होतं.

व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल फोडून लावणं: खूप लोकप्रिय, पण १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात ऑपरेशनच्या बहुतेक वणांवर तिचा फायदा दिसला नाही आणि साधारण एक तृतीयांश पेशंटना उलट ॲलर्जीचं पुरळ उठलं.

खोबरेल तेल, कोरफड: जखम बंद झाल्यावर मालिशसाठी चालतात, वण घालवत नाहीत.

खरी काळजी करण्यासारख्या गोष्टी दोन. पहिली म्हणजे मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेली स्टिरॉइडची मलमं. सुरुवातीला डाग उजळतो म्हणून लोक खूश होतात. काही आठवड्यांनी त्वचा पातळ होते, लाल रेषा दिसू लागतात, पुटकुळ्या आणि नको तिथे केस येतात. त्वचारोगतज्ज्ञांनी बरीच वर्षं पाठपुरावा केल्यानंतर २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन आणलं. तरी ती हातोहात मिळतात.

दुसरी म्हणजे पारा असलेली गोरेपणाची क्रीम्स. अकोल्यात एकाच कुटुंबातल्या तीन महिलांची मूत्रपिंडं अशा क्रीममुळे बिघडल्याचं प्रकरण २०२३ च्या सुरुवातीला बातम्यांमध्ये आलं होतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार अशा क्रीममध्ये अजाणतेपणी येणारा पारासुद्धा दहा लाखात एक भागापेक्षा जास्त असता कामा नये. लेबलवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख नसेल तर ती डबी घ्यायचीच नाही.

वण झाकण्याची कला जुनी आहे

सुश्रुतसंहितेत जखमेवरचे साठ उपक्रम दिलेले आहेत. त्यात जखम भरून आल्यानंतरच्या उपायांचीही नोंद आहे: पांढऱ्या पडलेल्या वणाला त्वचेसारखा गडद करणं म्हणजे कृष्णकर्म, काळ्या पडलेल्या वणाला उजळ करणं म्हणजे पांडुकर्म, आणि वणाच्या जागी केस उगवण्यासाठी रोमसंजनन. म्हणजे जखम भरली की वैद्याचं काम संपलं असं तेव्हाही मानलं जात नव्हतं. कृष्णकर्मात भल्लातकाचा, म्हणजे बिब्ब्याचा, उल्लेख येतो. पण बिब्ब्याने कातडी भाजते, त्यामुळे हा प्रयोग घरी मुळीच करायचा नाही.

चेहरा पुन्हा घडवण्याच्या इतिहासात पुण्याचं नाव कायमचं कोरलं गेलं आहे. इंग्रजांच्या फौजेत बैलगाडी हाकणारा कावसजी १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला आणि त्याचं नाक व एक हात कापला गेला. सुमारे वर्षभर तो नाकाशिवाय राहिला. मग पुण्याजवळ वीट पाडणाऱ्या समाजातल्या एका कारागीर-वैद्याने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक बसवलं. ही हकिगत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनने १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. कपाळाच्या त्वचेने नाक घडवण्याची ही पद्धत आजही वापरात आहे. नाक मिळालं तरी कपाळावर वण राहतोच. वण पूर्ण टाळता येत नाही, तो कुठे आणि कसा राहील एवढंच ठरवता येतं, हे सर्जरीचं जुनं गणित आहे.

आधुनिक कॅमोफ्लाज मेकअपची सुरुवात अमेरिकेत झाली. लिडिया ओलिअरी या बाईंच्या चेहऱ्यावर जन्मतः मोठा जांभळा डाग होता. १९२८ मध्ये त्यांनी तो झाकणारं घट्ट क्रीम तयार केलं आणि १९३२ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. दुसऱ्या महायुद्धात विमानांना आग लागून भाजलेल्या वैमानिकांमुळे इंग्लंडमध्ये प्लास्टिक सर्जरी झपाट्याने पुढे गेली आणि वणांसह जगण्याचा प्रश्नही समोर आला. ब्रिटिश रेडक्रॉसने १९७५ मध्ये रुग्णांना कॅमोफ्लाज शिकवणारी सेवा सुरू केली. २०११ पासून ती 'चेंजिंग फेसेस' ही संस्था चालवते.

साध्या मेकअपपेक्षा यात वेगळं काय?

रोजच्या फाउंडेशनमध्ये रंगद्रव्य कमी आणि पातळ बेस जास्त असतो. कॅमोफ्लाज क्रीममध्ये टायटॅनियम डायऑक्साइड आणि आयर्न ऑक्साइडसारख्या रंगद्रव्यांचं प्रमाण कितीतरी जास्त असतं आणि त्याला मेणाचा आधार असतो. त्यामुळे अगदी पातळ थरानेही डाग झाकला जातो, आणि पावडरने बसवल्यावर घाम-पाण्यात तो लगेच वाहत नाही. नाटक-सिनेमाच्या रंगभूषेशी त्याचं जवळचं नातं आहे. आपल्याकडच्या रंगभूषाकारांना परिचित असलेली बर्लिनची क्रायोलान कंपनी 'डर्माकलर' नावाने कॅमोफ्लाजची वेगळी मालिका बनवते.

कधीपासून लावता येतो?

टाके निघालेले, खपली पडलेली, कुठेही ओल, पू किंवा उघडी फट नाही, आणि सर्जनने होकार दिला आहे. या सगळ्या अटी पूर्ण झाल्यावरच. साध्या कापासाठी यात काही आठवडे जातात, भाजलेल्या किंवा त्वचा लावलेल्या भागासाठी काही महिनेही लागू शकतात. रेडिएशन सुरू असलेल्या जागेवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही लावायचं नाही.

आधी ॲलर्जीची चाचणी करायची. कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थोडं क्रीम लावून ४८ तास वाट बघायची. खाज, लाली आली नाही तरच पुढे जायचं.

कसा लावायचा?

१. हात आणि वणाची जागा धुऊन टिपून कोरडी करायची.

२. हलकं मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन. प्रत्येकानंतर काही मिनिटं थांबायचं. सिलिकॉन जेल वापरत असाल तर ते आधी पूर्ण सुकलं पाहिजे.

३. रंगाचा तोल साधायचा. लाल वणावर हिरवट, काळपट-निळसर वणावर नारिंगी किंवा पीच, तपकिरी डागावर पिवळसर छटा. थर अगदी पातळ हवा, नाहीतर हिरवा रंगच वरून दिसतो.

४. त्वचेच्या रंगाची छटा निवडायची. ती तळहातावर किंवा मनगटावर नाही, वणाच्या शेजारच्या त्वचेवर आणि दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी जुळवायची. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळलेली छटा बाहेर राखाडी दिसते. बहुतेक भारतीय त्वचेला एकच छटा पुरत नाही, दोन-तीन मिसळाव्या लागतात.

५. क्रीम डबीतून स्वच्छ पट्टीने काढून हाताच्या मागच्या बाजूला ऊबदार करायचं. मग बोटाने किंवा स्पंजने थापटत लावायचं. घासायचं नाही, घासलं की खालचा थर निघतो.

६. कडा वणाच्या बाहेर बोटभर अंतरापर्यंत विरत न्यायच्या. ठळक कड दिसली की लक्ष तिकडेच जातं.

७. वरून भरपूर पावडर दाबायची, पाच ते दहा मिनिटं ठेवायची आणि मऊ ब्रशने जादाची झाडून टाकायची.

८. दाढीच्या भागात सपाट थर नकली दिसतो. तिथे जाड छिद्रांच्या स्पंजने गडद छटेचे बारीक ठिपके दिले की खुंटांचा आभास होतो. कॅमोफ्लाज फक्त बायकांसाठी नाही.

काढताना तेलकट क्लिन्झर लावून मिनिटभर थांबायचं, मऊ कापडाने पुसायचं आणि सौम्य फेसवॉशने धुवायचं. मेकअप ठेवून झोपायचं नाही. स्पंज दर वापरानंतर धुवायचा, आपला संच कोणाला द्यायचा नाही आणि पार्लरचा सामायिक ब्रश नव्या वणावर फिरवू द्यायचा नाही.

मेकअपची मर्यादा

रंग झाकला तरी उंचवट्याची सावली राहते. समोरून न दिसणारा कीलॉइड बाजूच्या उजेडात दिसतोच. खोलगट वणावर किंचित उजळ आणि उंच वणावर किंचित गडद छटा दिली तर फरक थोडा कमी होतो, एवढंच. चमक असलेली प्रसाधनं टाळायची, कारण वण आधीच चमकतो. वण सतत हलणाऱ्या भागावर, उदाहरणार्थ ओठाच्या कोपऱ्यात किंवा गळ्याच्या घडीत असेल तर थर लवकर फुटतो.

पाण्याला टिकणारा म्हणजे घासण्याला टिकणारा नव्हे. संध्याकाळी भरगच्च लोकलमध्ये गळा पुसताना रुमाल घासला की मेकअप रुमालावर येतो. घाम टिपायचा, पुसायचा नाही, आणि पर्समध्ये पावडरची छोटी डबी ठेवायची. पावसात भिजल्यावरही असंच, टॉवेल दाबून टिपायचं.

एमआरआय तपासणीआधी मेकअप पूर्ण काढायचा, कारण आयर्न ऑक्साइडमुळे प्रतिमेत गडबड होऊ शकते आणि क्वचित त्वचेची जळजळही होते. दुसऱ्या ऑपरेशनला जातानाही चेहरा मोकळा हवा, भूल देणारे डॉक्टर त्वचेच्या रंगावर लक्ष ठेवून असतात.

रोज लावणं नको असेल तर वैद्यकीय टॅटूचा पर्याय आहे. जुन्या गोंदणासारखंच, पण त्वचेच्या रंगाचं. स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर स्तनाग्राभोवतीचा भाग असा रंगवून देतात. मात्र वण वर्षभर जुना आणि स्थिर असावा लागतो. कीलॉइडची सवय असलेल्या त्वचेवर सुया टोचणं धोक्याचं आहे.

आंबिवली-कल्याण पट्ट्यात कुठे जायचं?

पहिला सल्ला ज्यांनी ऑपरेशन केलं त्या सर्जनचा. महापालिकेची कल्याणला रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीला शास्त्रीनगर ही रुग्णालयं आहेत. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे. प्लास्टिक सर्जरीचे विभाग मुंबईत केईएम, सायन आणि जे. जे. रुग्णालयांत आहेत. भाजलेल्या रुग्णांसाठी ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर आहे, तिथे ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स-हार्बर मार्गाने जाता येतं. निघण्याआधी ओपीडीचा वार विचारून घ्यायचा आणि डिस्चार्ज कार्ड सोबत न्यायचं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजल्यावरच्या आणि प्लास्टिक सर्जरीच्या काही उपचारांचा समावेश आहे. निव्वळ सौंदर्यासाठीचा उपचार किंवा मेकअपचा खर्च त्यात येत नाही. ॲसिड हल्ल्यातील पीडितांना २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांग म्हणून मान्यता दिली आहे, आणि राज्याच्या मनोधैर्य योजनेतून त्यांना आर्थिक मदत मागता येते.

लग्नाचा मेकअप करणाऱ्या कुशल आर्टिस्टलाही रंगाचा तोल साधता येतो. फक्त आधी तीन प्रश्न विचारायचे: उत्पादन कोणतं, चाचणी करणार का, आणि ब्रश-स्पंज कसे स्वच्छ करता? उत्तर टाळलं तर दुसरीकडे जायचं. वण कायमचा घालवतो असं कोणी म्हटलं तर तिथून उठायचं.

डॉक्टरांकडे लगेच कधी जायचं?

• वणातून पू, दुर्गंध, वाढती लाली, गरमपणा किंवा ताप असेल तर.
• बंद झालेली जखम पुन्हा उघडली तर.
• वण कापाच्या हद्दीबाहेर वाढू लागला तर.
• वणामुळे मान, बोट, कोपर किंवा पापणी ओढली जात असेल तर.
• जुन्या भाजलेल्या वणावर महिनोन्महिने न भरणारी जखम झाली तर. अशा जखमेत क्वचित कर्करोग होऊ शकतो, त्यामुळे तपासणी हवीच.
• वणामुळे कामावर, शाळेत किंवा समारंभात जाणं बंद झालं असेल तर. हे नखरे नाहीत, समुपदेशन हासुद्धा उपचाराचा भाग आहे.

वण झाकायलाच हवा का?

नाही. कॅमोफ्लाज शिकवणारे अनुभवी लोक पेशंटला आधी एवढंच विचारतात की मेकअप कोणासाठी हवा आहे. मुलाखतीच्या दिवशी, लग्नात किंवा नव्या कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात तो लावायचा आणि एरवी नाही, असं अनेकजण करतात. काहींना तो रोज लावल्याशिवाय घराबाहेर पडवत नाही, काही वर्षभरानंतर डबी कपाटात ठेवून विसरतात. तिन्ही ठीक आहे. घरच्यांनी 'झाक ते' किंवा 'एवढं काय त्यात' यातलं काहीच न म्हणता निर्णय ज्याच्या अंगावर वण आहे त्याच्यावर सोडावा. आणि बाहेरच्यांनी 'काय झालं' विचारण्याआधी समोरच्याला ते आज सांगायचं आहे का, एवढा विचार करावा.